ऐकलं ते खरं? रेडिओनं घाबरवलेल्या माणसांची गोष्ट

जबलपूरच्या महाराजपुरातून बोलतोय. माझी नोकरी सैन्याच्या सिग्नल्समध्ये झाली, त्यामुळे आजचा विषय माझ्या कामाचाच आहे. रेडिओवर आलेला शब्द माणसं खरा का मानतात?

३० ऑक्टोबर १९३८. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्स यांनी 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीवर नाटक सादर केलं. गोष्ट मंगळावरून आलेल्या स्वारीची, पण सांगायची पद्धत बातम्यांची. संगीत चालू आहे, ते मध्येच थांबतं आणि निवेदक सांगतो की न्यू जर्सीत काहीतरी कोसळलंय. हे नाटक आहे असं सुरुवातीला सांगितलं होतं, पण ज्यांनी रेडिओ उशिरा लावला त्यांना ते कसं कळणार? शिवाय महिन्याभरापूर्वीच युरोप युद्धाच्या काठावर होता. कार्यक्रम तोडून बातमी येण्याची लोकांना सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं की सारा देश हादरला. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की काही लोक घाबरले हे खरं, पण छापलं तेवढं काही घडलं नव्हतं. म्हणजे घबराटीची बातमीसुद्धा फुगवलेलीच निघाली!

१२ फेब्रुवारी १९४९ ला मात्र इक्वेडोरच्या किटो शहरात हाच खेळ जिवावर बेतला. तिथल्या रेडिओनं जवळपासच्या गावांची नावं घेतली, नटांनी सरकारी अधिकाऱ्यांचे आवाज काढले. लोक रस्त्यावर आले. हे नाटक होतं असं कळल्यावर भीतीचा राग झाला आणि जमावानं रेडिओ केंद्राची इमारत पेटवली. किमान सहा माणसं मेली.

तुम्ही म्हणाल, हे परदेशातलं. मग २२ मार्च १९७९ आठवा. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक हॉस्पिटलमध्ये होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची बातमी सांगितली. सभागृह तहकूब झालं, आकाशवाणीचे नेहमीचे कार्यक्रम थांबले, शाळा-दुकानं बंद झाली. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरी बाबांनी रेडिओसमोरच हात जोडले. आणि जेपी जिवंत होते! त्यांचं निधन झालं ८ ऑक्टोबरला, पाटण्यात. इथे नाटक नव्हतं, कुणाला फसवायचंही नव्हतं. दिल्लीहून मुंबईच्या हॉस्पिटलात विचारून खात्री करायची, तेवढं राहिलं.

सिग्नल्समध्ये आम्हाला पहिल्यापासून एक गोष्ट शिकवतात. वायरलेसवर आवाज कितीही ओळखीचा असो, संशय आला की ठरलेला सांकेतिक प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तरच पुढचं बोलणं. समोर आपले साहेब बोलत असले तरी. यात कुणाचा अपमान नसतो. शत्रूही आपल्या भाषेत बोलू शकतो, एवढंच.

आता रेडिओची जागा खिशातल्या फोननं घेतली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे, भटक्या समाजातले लोक होते. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. असे मेसेज अनोळखी माणूस पाठवत नाही. मावशी पाठवते, शेजारी पाठवतो, म्हणून तर आपण मानतो.

आमच्या घरच्या ग्रुपवर असं काही आलं की मी तीनच प्रश्न टाकतो. कुणी पाहिलं? कुठं? कधी? नातवंडं म्हणतात, आजोबा, इथंपण ड्यूटी? मी म्हणतो, हो बाळांनो, ही ड्यूटी रिटायर होत नाही. तुम्हीही करून पाहा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.