कव्हेंट्रीचा डिफरन्शियल: तीनचाकीपासून ई-टाइपपर्यंत

वळण घेताना वाहनाचे बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते, आणि दोन्ही चाके एकाच अखंड आसावर जखडलेली असतील तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर घसटत जावे लागते. दोन्ही चाकांना शक्ती पुरवूनही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची रचना म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते. परंतु ती सामान्य ग्राहकाच्या वाहनात रुजली त्यात इंग्लंडमधील कव्हेंट्री शहराचा मोठा वाटा आहे. शिवणयंत्रांच्या धंद्यातून सायकलींकडे वळलेल्या जेम्स स्टार्लीने 1877 मध्ये तीनचाकी सायकलीसाठी असा डिफरन्शियल तयार केला, आणि पुढे त्याच शहरात मोटारउद्योग उभा राहिला.

मोटारींच्या वाढत्या शक्तीबरोबर या रचनेचे दातही बदलत गेले. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला असलेले लहान चाक म्हणजे पिनियन, आणि ते ज्या मोठ्या चाकाला फिरवते ते क्राउन व्हील. जुन्या पद्धतीत पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या मध्यातून जात असे. 1926 मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने आणलेल्या हायपॉइड पद्धतीत तो मध्याच्या खाली सरकला, त्यामुळे दांडा आणि त्याबरोबर गाडीची फरशी खाली नेता आली. या लाभाची किंमतही होती: हायपॉइडचे दात एकमेकांवर लोळतात तसेच घसरतातही, म्हणून त्यांना प्रचंड दाबाखालीही तुटणार नाही असा थर धरणारे खास तेल अनिवार्य ठरले.

जॅग्वारची ई-टाइप मार्च 1961 मध्ये जिनिव्हा येथे प्रकट झाली तेव्हा तिच्यात सॅलिस्बरी बनावटीचा हायपॉइड डिफरन्शियल होता, तोही पॉवर-लॉक या यंत्रणेसह. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात किंवा वेगवान वळणावर पकड गमावून फिरू लागले की दुसऱ्यालाही जोर मिळेनासा होतो. पॉवर-लॉकमधील घर्षणाच्या चकत्या ही उणीव बरीचशी भरून काढतात. ब्रेकच्या तबकड्या चाकांजवळ न ठेवता डिफरन्शियलला लगटून बसवल्यामुळे चाकांवरचे वजन घटले, मात्र ब्रेकची उष्णता तेल अडवणाऱ्या सीलपर्यंत पोहोचू लागली, सील कडक होऊन गळू लागले आणि ते तेल थेट तबकड्यांवर उतरू लागले. आज या गाड्यांचे डिफरन्शियल उघडण्याची वेळ येते ती पुष्कळदा याच कारणाने, आणि त्यासाठी मागचे सस्पेन्शन त्याच्या पोलादी पिंजऱ्यासकट गाडीखालून उतरवावे लागते.

पुनर्बांधणीचे खरे कौशल्य सुट्या भागांच्या खरेदीत नसून मापात आहे. पिनियन किती आत बसावा हे शिम नावाच्या पातळ चकत्यांनी ठरते, आणि नेमस्त स्थितीपासून तो किती सहस्रांश इंच पुढे किंवा मागे असावा, याचा अंक कारखान्यातील कामगाराने पिनियनच्या तोंडावरच कोरून ठेवलेला असतो. क्राउन व्हीलवर दोन दातांमधील मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, नोंदलेली असते. बेअरिंगवर आधीच थोडा दाब देऊन, डायल गेजने ही मोकळीक मोजून, शेवटी दातांना रंग फासून चाके फिरवली जातात: पिनियन फार आत असेल तर रंगाचा ठसा क्राउन व्हीलच्या दाताच्या मुळाकडे सरकतो, फार बाहेर असेल तर टोकाकडे. हा ठसा वाचण्याची नजर घाईने येत नाही, आणि तीच या कारागिरीतील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

दात शाबूत असतील तर बेअरिंग, सील आणि घर्षणाच्या चकत्या बदलून मूळ जोडी राखणे श्रेयस्कर. दात झिजलेच असतील तर पूर्ण जोडी बदलावी. एकच चाक बदलणे सर्वथा चुकीचे, कारण क्राउन व्हील आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच जुळवलेले असतात.