चौकात मांडव घालताय? आधी हे नियम वाचा

गणेशोत्सव असो, जयंती असो की घरचं लग्न, गावाकडं मांडव पडतो तो चौकात, शाळेच्या मैदानात किंवा समाजमंदिरासमोर. 'दरवर्षी इथंच घालतो' असं म्हटलं जातं. पण वहिवाट म्हणजे परवानगी नव्हे.

जागा कुणाची, ते आधी पाहा
गावठाणातला रस्ता व मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तर अर्ज ग्रामपंचायतीकडे करायचा. शाळेच्या आवारासाठी शाळेला विचारावं लागतं. रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांची संमती लागते. विनापरवाना अडथळा काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 53 नुसार पंचायतीला आहे. रस्ता अडवून मांडव घालणं हा धार्मिक हक्क नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केलं आहे.

स्पीकर आणि वेळ
मांडवाची परवानगी मिळाली म्हणजे स्पीकरची मिळाली असं नाही. ती पोलीस ठाण्यातून वेगळी व लेखी घ्यावी लागते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. सण-उत्सवासाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देता येते. वाढदिवस किंवा लग्नाची वरात त्यात बसत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, न्यायालयाभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असेल तर मर्यादा आणखी कमी, 50 आणि 40.

वर्गणी आणि वीज
मंडळाची न्यास म्हणून नोंदणी नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी काढावी. विजेसाठी महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्यावं. पावसाळ्यात तारेवरचा आकडा जिवावर बेततो.

अडचण आली तर
रात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस न्यायचा असतो, तेव्हा मांडवाने बंद झालेली गल्ली महागात पडते. म्हणून रुग्णवाहिका जाईल एवढी वाट कायम मोकळी ठेवावी. रस्ता अडला किंवा आवाज थांबत नसेल तर 112 वर फोन करता येतो. मंडळाने परवानगीच्या प्रती मांडवातच लावल्या, तर निम्मे वाद तिथंच मिटतात. कार्यक्रम उरकला की खड्डे बुजवून, जागा झाडून परत द्यावी. ती साऱ्या गावाची आहे.