बुलढाणा जिल्ह्यात काय बघाल? लोणारच्या खाऱ्या पाण्यापासून रोहिणखेडच्या मशिदीपर्यंत

सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांत फिरायला जायच्या गप्पा सुरू होतात. उमराहला तुर्कियेची सफर जोडून देणाऱ्या टूरच्या जाहिराती मोबाईलवर येतात. 'एर्तुग्रुल' बघून बघून मुलांना इस्तंबूलच्या मशिदी आणि कापाडोकियाचे डोंगर तोंडपाठ झालेत. ज्यांना परवडतं त्यांनी भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत जरूर जावं. पण त्याच मुलांना विचारा, रोहिणखेडची मशीद कोणी बांधली? साखरखेर्ड्याला कोणती लढाई झाली? घरातल्या मोठ्यांनाही सांगता येत नाही. आणि ही दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली आहेत.

म्हणून इथे आम्ही बुलढाणा जिल्ह्यातली बघण्यासारखी ठिकाणं एकत्र केली आहेत. सगळी नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलं आहे.

लोणार

सुरुवात लोणारपासूनच करावी लागते. समुद्र आपल्याकडे नाही, पण खाऱ्या पाण्याचं असं सरोवर आहे की ते बघायला जगभरातून माणसं येतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून सुमारे १५० मीटर खोल असा हा खड्डा आकाशातून पडलेल्या उल्केने झाला आहे. पूर्वी लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७० च्या दशकात इथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. प्रचंड आघाताचा दाब बसल्याशिवाय अशी काच तयार होत नाही, त्यामुळे उल्केची गोष्ट पक्की झाली. काळ्या बसाल्ट खडकात उल्केने झालेले खड्डे जगात फार थोडे आहेत. चंद्राच्या पृष्ठभागावर असाच खडक असल्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञसुद्धा लोणारला येतात. वय किती? पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षं सांगत. नंतरच्या तपासणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. गाईड जुना आकडा सांगेल तर वाद घालू नका, पण मुलांना नवा सांगा.

आता आपल्या वाचकांसाठी खास गोष्ट. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये लोणारची नोंद केली, हे बहुतेक पुस्तकांत असतं. पण त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे. इथे काच आणि साबण बनवायचा कच्चा माल मिळतो आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, असं ते लिहितात. हिंदू लोक या जागेला पवित्र मानतात, तेही त्यांनी नोंदवलं आहे. खाऱ्या पाण्याशेजारी गोडं पाणी आहे, हेसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. आजही तेच दिसतं. काठावरच्या धारेचं पाणी गोडं, सीतान्हाणीचं गोडं, आणि खाली सरोवराचं पाणी खारट. तळाशी कमळजा देवीच्या मंदिराजवळ 'सासू-सुनेची विहीर' आहे. तिच्या एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं गावकरी सांगतात.

जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झालं तेव्हा कयामतची निशाणी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं, ते आपल्याला आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची तपासणी केली. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्या रंगामुळे सरोवर गुलाबी दिसलं. पाऊस पडल्यावर रंग गेला. अल्लाहची कुदरत यातही आहेच, फक्त ती समजून घ्यायला थोडं विज्ञान वाचावं लागतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रात हा मान मिळवणारी ही दुसरी पाणथळ जागा.

गावातलं दैत्यसूदन मंदिर कोरीव कामासाठी आवर्जून बघावं. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे. त्यामुळे खाली उतरताना प्लास्टिक नेऊ नका आणि पाण्यात साबण लावून हातपाय धुऊ नका. खाली कुठपर्यंत जाता येईल हे पाण्याच्या पातळीवर ठरतं, वरच विचारून घ्या. उतरणं सोपं, चढताना दम लागतो. दादी-नानींना वरच्या काठावरूनच बघू द्या.

मेहकर

लोणारहून जवळच, पैनगंगेच्या काठी मेहकर आहे. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात हे एका सरकारचं, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचं ठाणं होतं. इथले मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते की गावाच्या तटबंदीला त्यांनी पैसा लावला, असं जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. पुढे पेंढाऱ्यांच्या लुटीने आणि १८०३ च्या दुष्काळाने गाव खचलं. ज्यांच्या घरात अजून आडनावाला मोमीन लागतं, त्यांनी मुलांना ही गोष्ट सांगायलाच हवी. शारंगधर बालाजीची उंच मूर्ती याच गावात जमिनीतून निघाली, १८८८ मध्ये. जुनी दगडी धर्मशाळाही इथेच आहे.

सिंदखेड राजा

१२ जानेवारीला इथे जिजाऊंच्या जयंतीला लाखो लोक येतात. १५९८ मध्ये त्यांचा जन्म इथल्या जाधवांच्या राजवाड्यात झाला. आपले लोक मात्र इथे फारसे थांबत नाहीत, 'ते त्यांचं आहे' म्हणून गाडी पुढे काढतात. आम्हाला हे पटत नाही. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव निजामशाहीचे मोठे सरदार होते. त्यांचे जावई शहाजी, आणि शहाजींचे धाकटे भाऊ शरीफजी. ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पीरांवरून ठेवली गेली, असं सांगतात. म्हणजे दख्खनचा इतिहास एकमेकांत इतका गुंतलेला आहे.

आणि कडू भागही मुलांपासून लपवू नये. १६२९ मध्ये लखुजींना मुर्तजा निजामशहाच्या दरबारात, दौलताबादला, दगा करून मुलांसह ठार मारण्यात आलं. दगा देणारा आपल्या नावाचा होता म्हणून ते पान उलटून पुढे जाता येत नाही. शाळेत मूल हा धडा वाचतं तेव्हा त्याला घरात कोणीतरी नीट सांगणारं लागतं. राजवाडा, लखुजींची समाधी, नीलकंठेश्वर मंदिर, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव हे सगळं अर्ध्या दिवसात होतं. २०२४ मध्ये समाधीजवळच्या खोदकामात शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली.

साखरखेर्डा

सिंदखेड राजा तालुक्यातलं हे गाव कोणत्याही टूरच्या यादीत नसतं. पण ऑक्टोबर १७२४ मध्ये इथल्या रानात दख्खनचं भवितव्य ठरलं. एका बाजूला निजाम-उल-मुल्क आसफजाह, दुसऱ्या बाजूला दिल्लीने पुढे केलेला हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान. बाजीराव पेशव्यांची फौज निजामाच्या बाजूने होती. मुबारिझ खान लढाईत मारला गेला आणि निजामाने गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं, म्हणजे विजयाचं खेडं. हैदराबादचं आसफजाही राज्य खऱ्या अर्थाने स्वतंत्र झालं ते या लढाईनंतर. १९४८ पर्यंत चाललेल्या त्या राज्याची सुरुवात आपल्या जिल्ह्यात झाली, हे हैदराबादला बिर्याणी खायला जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे?

लढाईच्या आधीपासून गावात एक देखणी मशीद उभी आहे. १५८१ मध्ये खुदावंद खान महदवी यांनी ती बांधली. तिची जोडीदार दुसऱ्याच वर्षी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली.

रोहिणखेड

ती जोडीदार म्हणजे मोताळा तालुक्यातली रोहिणखेडची मशीद, साल १५८२. दोन्हींच्या बांधणीत सारखेपणा आहे आणि बांधणारा एकच. आकाराने लहान, पण दगडाचं काम असं की जवळ जाऊन हात फिरवावासा वाटतो. फिरवू नका, बघा.

रोहिणखेड घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. बऱ्हाणपूर-खानदेशाकडून आलेल्या फौजा इथूनच वर बालाघाटात चढायच्या, म्हणून इथे दोनदा मोठी लढाई झाली. १४३७ मध्ये बहमनी सुलतानाचा सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिर खानाला इथे हरवलं आणि थेट बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला. दुसरी लढाई १५९० च्या सुमाराची. अहमदनगरच्या गादीसाठी बाप आणि मुलगा समोरासमोर होते. बाप बुऱ्हाण निजामशहा, त्याला खानदेशच्या राजा अली खानाची मदत. मुलगा इस्माईल, त्याच्या पाठीशी महदवी सरदार जमाल खान. जमाल खान इथे पडला आणि बुऱ्हाण गादीवर बसला. मशीद बांधणारे खुदावंद खान याच जमाल खानाच्या गटातले. महदवी म्हणजे सय्यद मुहम्मद जौनपुरी यांना मानणारे. त्या काळी दख्खनमध्ये त्यांचा मोठा जोर होता. अकीद्याचा वाद इथे काढायचा नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या गावाशेजारी काय घडलं, एवढंच बघायचं.

साखरखेर्डा आणि रोहिणखेड या दोन्ही मशिदी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहेत. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे सांगायचं कारण, जुन्या दगडावर खिळ्याने नाव कोरणारी, चुन्याचे हात मारणारी माणसं बाहेरून येत नाहीत. आपुलकीने रंग देणं, टाइल्स बसवणं हेही नुकसानच आहे. उर्दू शाळांच्या सहली दौलताबाद, वेरूळ, अजिंठ्याला जातात, चांगलंच आहे. त्यात एक दिवस या दोन गावांसाठी काढला तर खर्च नावालाच येईल.

सैलानी

पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याला वेगळी ओळख नको. होळीच्या दिवसांत इथे यात्रा भरते, नारळांची होळी होते, संदल निघतो. अनेक राज्यांतून लोक येतात, त्यांत हिंदू भाविक फार मोठ्या संख्येने. कोणी मानतं, कोणी मानत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. एका गोष्टीवर मात्र आम्ही गप्प बसणार नाही. मनाच्या आजाराने त्रस्त माणसाला इथे आणून महिनोन्‌महिने ठेवणारी घरं अजून आहेत. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली, साखळीने बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जीव गेले. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. दुवा मागा, पण आधी डॉक्टर गाठा. सरकारचा टेलि-मानस नंबर १४४१६ आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं. यात्रा नसताना परिसर शांत असतो, लहान मुलांसोबत तेव्हाच जावं.

जंगल

बुलढाणा-खामगाव रस्त्यालगतचं ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ पासून आहे, क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. अस्वल, बिबट्या, नीलगाय. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक तरुण वाघ निघाला. शेतं, रस्ते, नद्या ओलांडत, तेलंगणातून फिरून, सुमारे ३,००० किलोमीटर चालून तो इथे येऊन थांबला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची सगळी वाट कळली. उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात सातपुड्यातलं अंबाबरवा अभयारण्य आहे, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पावसाळ्यात सफारी बंद असते, वन विभागाकडे आधी चौकशी करून निघा.

बाकी थोडक्यात. शेगावला गजानन महाराजांचं संस्थान आहे, तिथली शिस्त आणि स्वच्छता बघून शिकण्यासारखी आहे. कचोरी तर शेगावचीच. खामगावला चांदीचा बाजार. १८७० मध्ये लॉर्ड मेयो खास इथली रेल्वे सुरू करायला आले होते, ती कापसासाठी.

कधी आणि कसं जाल

पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये लोणारचा काठ भाजतो. लोणार आणि मेहकर एका दिवसात होतं, सिंदखेड राजा आणि साखरखेर्डा दुसऱ्या दिवशी. रोहिणखेड बुलढाण्याहून घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे जाताना करावं. रेल्वेने येणाऱ्यांना मुंबई-हावडा मार्गावरचं मलकापूर किंवा शेगाव सोयीचं. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांना मेहकर आणि सिंदखेड राजाला उतरता येतं. त्याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या रात्री खासगी बस पेटून २५ जीव गेले. म्हणून रात्रीचा प्रवास टाळा, फजर पढून निघा आणि मगरिबपर्यंत मुक्कामाला पोहोचा. लोणार, मेहकर, सिंदखेड राजा या गावांत मशिदी आहेत, जोहर-असरची अडचण नाही. जुमा असेल तर वेळ धरून आखणी करा. हलाल जेवणाची खात्री सगळीकडे मिळेलच असं नाही, घरचा टिफिन सोबत असू द्या. साखरखेर्डा आणि रोहिणखेडला हॉटेलची अपेक्षा ठेवू नका. मशीद कोणत्या गल्लीत आहे, ते गावात कुणालाही विचारा.