तपाची मांडणी, नियमांची नोंद

पांढरकवड्याचे जीवन कापसाभोवती गुंफलेले आहे. हंगामात दिवसभराच्या उलाढालीचा मेळ बसल्याखेरीज रात्री वही मिटायची नाही, हा व्यापारी घरांचा जुना शिरस्ता. द्रव्याचा असा चोख हिशेब ठेवणाऱ्या जैन समाजाने आचरणाचा हिशेबही डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मांडला, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही.

स्थानकवासी परंपरेत पर्युषणाच्या आठ दिवसांत अंतगड सूत्राचे वाचन होते. त्याच्या आठव्या वर्गात श्रेणिक राजाच्या दहा राण्यांची तपश्चर्या वर्णिली आहे. काली राणीचे तप रत्नावली, सुकालीचे कनकावली. नावे अलंकारांची आहेत, कारण उपवासांचा क्रम आकृतीत मांडला की गळ्यातील हार साकारतो. रत्नावलीत आरंभी एक, दोन, तीन उपवास. मग आठ छट्ठ. पुढे १ पासून १६ पर्यंत चढण. मध्यभागी ३४ छट्ठांचे पदक. आणि त्याच वाटेने उतरण. एका परिपाटीत ३८४ उपवास व ८८ पारणी, असे एकूण ४७२ दिवस होतात. महाकाली राणीच्या लघुसिंहनिष्क्रीडित तपात १, २, १, ३, २, ४, ३ असा क्रम चालतो. चालता चालता मागे वळून पाहणारा सिंहच जणू आकड्यांतून दिसतो.

महाकृष्णा राणीचे लघुसर्वतोभद्र तप तर चौकोनातच बसते :

१ २ ३ ४ ५
३ ४ ५ १ २
५ १ २ ३ ४
२ ३ ४ ५ १
४ ५ १ २ ३

आडवी, उभी वा कर्णाची, कोणतीही ओळ घ्यावी; बेरीज १५ येते. ७५ उपवास आणि २५ पारणी मिळून १०० दिवसांची एक परिपाटी होते. तपस्व्याला आपण कोठे आहोत आणि किती चालायचे आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

हीच दृष्टी नित्याच्या साधनेतही आहे. आनुपूर्वीच्या छोट्या पुस्तिकेत १ ते ५ या अंकांच्या १२० मांडण्या २० कोष्टकांत दिलेल्या असतात. अंकानुसार नवकाराचे पद म्हणावयाचे असल्याने भटकणाऱ्या मनाला जागेवर यावेच लागते. शेजारच्या हिंदू घरांतून चातुर्मासात स्त्रिया रोज तेहेतीस गोपद्मे रेखाटतात, तेही व्रताचे रांगोळीतील रूपच होय.

अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी तेरा सद्गुणांची वही आखली. सात वारांचे सात रकाने, तेरा आडव्या ओळी, आणि चूक घडली की काळा ठिपका. जुने ठिपके खरवडून नवे घालता घालता कागदाला भोके पडली, तेव्हा त्यांनी नोंदी पुसता येतील अशी हस्तिदंती पाने वापरली. यश मिरवण्यापेक्षा दोष टिपण्याची ही रीत प्रतिक्रमणातील अतिचारांच्या आलोचनेशी जवळचे नाते सांगते.

पाठशाळेतील मुलांच्या हाती येणारी नियमांची कार्डे याच परंपरेतील होत. नवकार, देवदर्शन वा गुरुवंदन, रात्रिभोजनत्याग, मातापित्यांना प्रणाम, असे नियम डावीकडे आणि तिथींचे रकाने उजवीकडे. महिनाअखेर भरलेल्या कार्डाचे कौतुक होते, बक्षीसही मिळते. पण धोका येथेच आहे. बक्षिसासाठी न पाळलेल्या नियमावर खूण करणारे मूल नियम तर गमावतेच, सत्यही गमावते. म्हणून रिकाम्या रकान्यावर रागावणे वडीलधाऱ्यांनी टाळले पाहिजे. रिकामा रकाना हा मुलाच्या प्रामाणिकपणाची साक्ष असतो.

आज कार्डाची जागा काही घरांत मोबाईलने घेतली आहे. साधन बदलले तरी कसोटी बदलत नाही. रोजमेळ लोकांना दाखविण्यासाठी लिहीत नाहीत. आपली शिल्लक आपल्याला कळावी म्हणून लिहितात. राण्यांच्या तपाची ती कोष्टकेही आजच्या साधकाला हेच सांगतात : पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी सिंहाप्रमाणे एकदा मागे वळून पाहावे.