रीपॅकचा उतार आणि पंचविसावी पलटण

आमच्या वर्गातल्या एका मुलाने दोन वर्षांची ईदी साठवली, वर अब्बांकडून थोडे पैसे घेतले आणि गिअरची सायकल आणली. जाड टायर, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, नळीवर डोंगराचे चित्र. पहिल्याच आठवड्यात टेकडीच्या उतारावर ब्रेकची वायर सुटली आणि पोरगा कोपर सोलून शाळेत आला. "सर, डोंगरावर सायकल चालवायला नेमकं काय काय लागतं?" मी भाषा शिकवतो, सायकली दुरुस्त करत नाही. पण इतिहास वाचायची खोड आहे, म्हणून उत्तर तिथे शोधले.

माउंटन बायकिंगचा इतिहास साधारणपणे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियापासून सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे, तिथे टॅमल्पायस नावाचा डोंगर. 1970 च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी 1930-40 च्या काळातल्या जुन्या सायकली भंगारातून उचलून या डोंगराच्या कच्च्या रस्त्यांवर पळवू लागली. श्विन कंपनीच्या या सायकली मुळात शाळकरी आणि पेपर टाकणाऱ्या पोरांच्या. गिअर एकच, टायर दोन इंचांहून थोडा रुंद आणि फुगीर. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये: पायडल उलटे दाबले की चाक थांबायचे.

21 ऑक्टोबर 1976 रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. साधारण साडेतीन किलोमीटरचा रस्ता आणि सुमारे 400 मीटरची उतरण. ब्रेक दाबून दाबून हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोहोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजे 'रीपॅक'. शर्यतीला आणि उताराला तेच नाव चिकटले. अंगावर काय, तर जीन्स, जाड बूट आणि चामड्याचे हातमोजे. हेल्मेट बहुतेकांकडे नसे. ते धाडस होते असे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगणार नाही, तो बेफिकीरपणा होता.

पुढचे बदल या धुरातून आणि दमछाकीतून आले. हबचा ब्रेक टिकेना म्हणून ड्रम ब्रेक आले, ते ओढायला मोटारसायकलचे लिव्हर. चढावर सायकल ढकलून कंटाळल्यावर गिअर बसले. 1977 मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची या कारागिराच्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला, आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टम्पजम्पर' कारखान्यातून बाहेर पडली. 1996 मध्ये तर हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. पुढची स्प्रिंग, म्हणजे सस्पेन्शन, रुळली ती 1990 च्या आसपास. ज्या स्प्रिंगांसाठी आमच्या पोराने पैसे मोजले, त्यांच्यावाचून हा खेळ बारा-चौदा वर्षे चालला. ब्रेकवाचून मात्र एक दिवसही नाही.

पण गोष्ट इथून सुरू करणे मला पटत नाही. मरीनच्या पोरांच्या जवळजवळ ऐंशी वर्षे आधी अमेरिकी सैन्याच्या 25 व्या पायदळ पलटणीने सायकलवरून डोंगर ओलांडले होते. या पलटणीतले शिपाई कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. लेफ्टनंट जेम्स मॉस यांनी त्यातले वीस शिपाई निवडले. 14 जून 1897 रोजी माँटाना राज्यातल्या फोर्ट मिसुलाहून ते निघाले आणि 24 जुलैला सेंट लुईसला पोहोचले. अंतर सुमारे 1,900 मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून जास्त. वाटेत रॉकी पर्वत, पावसात चाकांना थापून बसणारा चिखल, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्या. वाळूत चाक रुतू लागले तेव्हा त्यांनी रेल्वेच्या स्लीपरवरून सायकली हाकल्या. खारे पाणी पिऊन माणसे आजारी पडली.

त्यांच्या सायकली स्पॉल्डिंग कंपनीच्या. गिअर एकच, रिम लाकडाऐवजी पोलादी. हँडलला घोंगडीची वळकटी, फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात पेटी, शिवाय बंदूक आणि काडतुसे. सामानासह एका सायकलचे वजन साधारण 27 किलो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मुलाच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. पहिले, आपल्या उंचीला बसणारी दणकट फ्रेम. दोन्ही चाकांचे ब्रेक नीट लागतात ना, वायर घट्ट आहे ना, हे निघण्यापूर्वी दरवेळी पाहायचे. टायर रुंद आणि खाचांचे हवेत. हवा दगडासारखी ठासायची नाही, टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत थोडी कमीच ठेवायची, म्हणजे खडीवर पकड राहते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे, मागे कलले तर ते टोपीच झाले. बंद बूट, हातमोजे, पाणी, जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सोल्युशन आणि ठिगळे, चार पाने. उतारावर दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून सीटवरून उठायचे, वजन मागे न्यायचे आणि पुढचा ब्रेक हळूच दाबायचा. दुहेरी स्प्रिंगची स्वस्त सायकल घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात बिनास्प्रिंगची, चांगल्या ब्रेकची घ्यावी.

त्या वीस जणांत सर्वांत ज्येष्ठ होता सार्जंट मिंगो सँडर्स. 1906 मध्ये त्याची पलटण टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल येथे होती. गावात एका रात्री गोळीबार झाला, एक माणूस मेला. आरोप शिपायांवर आला. कोणावरही खटला चालला नाही, गुन्हा शाबीत झाला नाही, तरी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी 167 जणांना सैन्यातून काढून टाकले. एकानेही नाव सांगितले नाही, म्हणून सगळेच दोषी. सँडर्सची पंचवीस वर्षांहून अधिक नोकरी झाली होती, पेन्शन जवळ आले होते. तेही गेले. सैन्याने तो हुकूम रद्द केला 1972 मध्ये. तोवर सँडर्स हयात नव्हता.

मी हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, सायकल चालवलेली तरी कुठे लिहून ठेवली होती का?" होती. मॉसने अहवाल लिहिला होता, आणि सोबत एक वार्ताहरही सायकलवर होता. त्या मुलाने ब्रेकची वायर बदलून घेतली आहे, हेल्मेटसाठी पुढच्या ईदची वाट पाहू नकोस असे मी त्याच्या अब्बांसमोरच सांगितले आहे.