रस्त्याचे अंगण
(हॉलंडमधील मातांच्या एका चळवळीची हकीकत)

मंडळाच्या जुन्या सभासद भगिनींना आठवत असेल, की आपला भोंडला एके काळी गल्लीतच होत असे. पाटावर रांगोळीचा हत्ती काढायचा, पाट रस्त्याच्या मधोमध मांडायचा आणि भोवती फेर धरायचा. एखादा सायकलवाला घंटी वाजवीत आला तर फेर क्षणभर सुटे आणि पुन्हा जुळे. पुढे गल्लीच्या दोन्ही अंगांना गाड्या उभ्या राहू लागल्या, फेराला जागा उरली नाही आणि भोंडला सभागृहात गेला. कोणी आपल्याला हाकलले नाही की कोणी ठराव केला नाही. जागा आपोआप गेली. अशी आपोआप गेलेली जागा परत मिळविणाऱ्या काही बायकांची ही हकीकत आहे, आणि ती आहे हॉलंड देशातील.

आज हॉलंड म्हटले की सायकली डोळ्यांपुढे येतात. हे तेथे पहिल्यापासून असेच होते असा आपला समज असतो. पण तो खरा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात पैसा आला आणि पैशाबरोबर मोटारी आल्या. गावोगावचे चौक मोटारी उभ्या करण्यासाठी दिले गेले, रस्ते रुंद करण्यासाठी घरे पाडली गेली. उट्रेख्ट शहरात तर जुन्या खंदकाचा एक भाग बुजवून त्यावरून मोटाररस्ता नेला. (तेथे पुन्हा पाणी खेळायला 2020 साल उजाडावे लागले!) हे सारे प्रगतीच्या नावाने चालले होते, आणि त्या प्रगतीचा हिशेब असा, की 1971 या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत सुमारे 3300 माणसे मेली, त्यांत 400 हून अधिक लहान मुले होती.

त्या मुलांपैकी एक मुलगी विक लांगेनहोफ या पत्रकाराची. सहा वर्षांची पोर, सायकलवरून शाळेला निघालेली. बापाने दुःख गिळून 1972 च्या सप्टेंबरात 'दे टैट' या वृत्तपत्रात लेख लिहिला. 'दे टैट' म्हणजे आपल्या भाषेत 'काळ'. लेखाचा मथळा होता, 'बालहत्या थांबवा'. अपघात हा सौम्य शब्द त्याने वापरला नाही. हाच मथळा पुढे चळवळीचे नाव झाला.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅममधील 'दे पैप' या वस्तीत मुलांनीच उचल खाल्ली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाटीवाटीने बांधलेली ही वस्ती. आपल्या गिरगाव-परळच्या चाळी आठवाव्यात. खेळायला जागा नाही, म्हणून मुलांनी दारोदार जाऊन सह्या गोळा केल्या आणि एक रस्ता आडोसे लावून स्वतःच बंद केला. चिडलेले मोटारवाले खाली उतरून ते आडोसे बाजूला फेकू लागले आणि मुले पुन्हा ते आणून लावू लागली. या प्रसंगाचे चित्रण दूरचित्रवाणीसाठी झाले असून ते आजही पाहावयास मिळते. मोठ्यांशी हुज्जत घालणारी ती मुले पाहून हसू येते, आणि थोडी लाजही वाटते.

'बालहत्या थांबवा' संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये फान पुटेन या तरुण आई होत्या. (पुढे त्या युरोपीय पार्लमेंटच्या सदस्या झाल्या.) या मंडळींची रीत मला फार आवडली. मोर्चे त्यांनीही काढले, अपघाताच्या जागा अडवून धरल्या. पण त्याबरोबरच एखाद्या दिवसापुरता रस्ता बंद करून मुलांना खेळायला मोकळा करून दिला. रस्त्यात मेजे मांडून साऱ्या आळीने एकत्र जेवण केले, आणि पोलिसांनीही त्यांना पुष्कळ मदत केली. पंतप्रधान योप देन आउल यांच्या घरापुढे जाऊन मुलांसाठी सुरक्षित रस्ते मागणारी गाणी म्हटली. तेव्हा पंतप्रधान स्वतः बाहेर आले. मागणी कडक आणि रीत घरगुती. हे बायकांनाच सुचावे!

दैवानेही हात दिला. 1973 मध्ये अरब राष्ट्रांनी तेल अडविले, तेव्हा 4 नोव्हेंबरपासून काही रविवार सरकारने मोटारी बंद ठेवल्या. मोठमोठ्या हमरस्त्यांवर लोक पायी, सायकलींवर, चाकांच्या बुटांवर हिंडले. मोटार नसली की रस्ता किती मोठा असतो, हे सर्वांनी एकदम पाहिले.

इकडे डेल्फ्ट गावात नगरपालिकेतील योस्ट वाल आदी मंडळींनी निराळाच प्रयोग चालविला होता. त्यांनी राहत्या वस्तीतील रस्त्याला मुद्दाम वळणे दिली, मध्ये झाडे आणि बाके आणली, फुटपाथ व रस्ता यांतील उंचवटा काढून सगळी फरसबंदी एकसारखी केली. मोटारीला बंदी नाही, पण तिने पाहुण्यासारखे यावे. याला नाव पडले 'वोनएर्फ'. 'वोन' म्हणजे राहणे आणि 'एर्फ' म्हणजे घराभोवतालची मोकळी जागा. आपल्या मराठीत सरळ अंगण. 1976 मध्ये याला कायद्याने मान्यता मिळाली. अशा रस्त्यावर वाहनाने अगदी सावकाश जावयाचे, गाडी खुणेच्या जागीच उभी करावयाची. पायी चालणाऱ्याला सगळी रुंदी मोकळी आणि मुलांना खेळण्याची मुभा. निळ्या पाटीवर घर, मोठे माणूस, चेंडू खेळणारे मूल आणि एका कोपऱ्यात मोटार, असे चित्र असते.

हे काम खर्चाचे ठरले, तेव्हा पुढे पुष्कळ ठिकाणी केवळ वेग ताशी 30 किलोमीटरवर आणण्याचा स्वस्त मार्ग धरला गेला. सायकलींच्या वेगळ्या वाटा, गाडीतील पट्टे यांचाही वाटा आहेच. सगळे श्रेय एका चळवळीला देणे बरोबर नाही. पण 2010 साली त्या देशात रस्त्यावर दगावलेल्या मुलांची संख्या 14 होती.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा भाग दिवसभर पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला. मुंबईत 2022 च्या मार्चपासून पोलिसांनी काही रस्ते रविवारी सकाळी नागरिकांच्या स्वाधीन केले. यांत मला खटकते ते एवढेच, की हे रस्ते बहुधा बाजाराचे किंवा हिंडण्याफिरण्याचे असतात. हॉलंडच्या बायकांनी मागितला तो स्वतःच्या दारापुढचा रस्ता.

गेल्या नवरात्रात आपण रीतसर परवानगी घेऊन गल्ली सायंकाळी दोन तास बंद ठेवली, हे सर्वांना ठाऊकच आहे. एक गाडी मात्र काही केल्या हलली नाही. तेव्हा पाट तिच्या शेजारीच मांडला आणि फेर गाडीलाही आत घेऊन धरला. गाडीचे मालक बराच वेळ गॅलरीतून पाहत होते; शेवटी खिरापत ओळखायला खाली आले, आणि 'खोबऱ्याची वडी' हे त्यांचे उत्तर चुकले.