‘विक्का’ या नावाचे प्राचीनत्व

इंग्लंडमधील 1735 चा चेटूकविषयक कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये जेरल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती धर्मापूर्वीची उपासना गुप्त मंडळांतून अखंड चालत आली, हे त्यातील प्रतिपादन मार्गारेट मरे यांच्या 1921 च्या ग्रंथाला अनुसरून होते; प्रस्तावनाही मरे यांचीच. त्यांची उपपत्ती इतिहासकारांनी पुढे त्याज्य ठरविली.

शब्दाची साक्षही सातत्याच्या विरुद्धच पडते. जुन्या इंग्रजीत ‘मांत्रिक’ या अर्थाचा जो पुल्लिंगी शब्द आहे, त्याचा उच्चार ‘विच्चा’ असा होता. लोकांच्या तोंडून तो ‘विच’ या रूपाने उतरला. ‘विक्का’ हा उच्चार केवळ लिखित अक्षरांवरून संभवतो; म्हणजे नाव पोथीतले, परंपरेतले नव्हे. निंदेचा शब्द मुखाने आला, सन्मानाचा ग्रंथातून, ही गंमत लक्षणीय आहे.

तथापि एवढ्यावरून हा पंथ पोकळ ठरत नाही. अपाय होत नसेल तर स्वेच्छेने वागावे, हे त्याचे नीतिवचन डोरीन व्हॅलिएंट यांनी 1964 मध्ये जाहीरपणे मांडले. त्याला ‘रीड’ म्हणतात. या जुन्या शब्दाचा अर्थ सल्ला, आज्ञा नव्हे. सर्वांवर अधिकार चालविणारे पीठ या पंथात नाही. अपाय कशाला म्हणावे, याचा निर्णय साधकावर आणि त्याच्या मंडळावरच येऊन पडतो.